अर्थ फॉल्ट

दिघ्याच्या नाल्याकाठी पाइपांचा कारखाना,
त्यातला पंचावन्न किलोवॅटचा ड्राइव्ह
तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा
गडाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या,
"टिपणीस, या वेळी दुरुस्त नका करू. बरा करा."

पडद्यावर तीच हिरवी अक्षरं: अर्थ फॉल्ट.
म्हणजे वीज कुठंतरी जमिनीला लागतेय.
शाळेतही 'अर्थ लिहा' म्हटलं की
मला कायम निम्मेच मार्क.

पहिल्या खेपेला मी मॉड्यूल बदललं.
दुसऱ्या खेपेला अख्खा ड्राइव्ह;
जुना वागळे इस्टेटच्या माझ्या गाळ्यात नेऊन
'खराब' अशी चिठ्ठी लावली.

आज पुन्हा मेन स्विच खाली. कुलूप. किल्ली खिशात.
आता दहा मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं.
पुरवठा तोडला तरी कपॅसिटरांच्या पोटात
पावणेसहाशे व्होल्ट दबा धरून असतात,
लाल दिवा सावकाश मावळतो.
माझे उस्ताद सलीम मुकादम
उजवा पंजा दोनदा दाखवून सांगायचे, इतकी मिनिटं.
मी बोटं मोजायचो, आठच भरायची.
का, ते विचारायची गरज पडली नाही.
मी दहा थांबतो.

मोटरच्या तारा सोडवल्या, मेगर फिरवला,
काटा थेट अनंतावर.
मोटर चांगली. केबल चांगली. ड्राइव्ह कोरा करकरीत.
सगळंच निर्दोष निघालं की
लोक दुरुस्ती करणाऱ्याकडे बघू लागतात.

ड्राइव्हला आपल्या शेवटच्या आठ चुका
तारीखवार पाठ असतात.
बिस्किटाच्या पुड्यावर उतरवून घेतल्या:
रात्री बारा चाळीस.
दुसऱ्या रात्री एक पंचवीस.
तिसऱ्या रात्री दोन दहा.
मग बारा दिवस चिडीचूप,
आणि पुन्हा बारा पस्तीस.

एक्स्ट्रूडरवरचा हसुराम म्हात्रे, गोठिवलीचा,
माझ्या खांद्यावरून वाचत होता.
"ह्यो तं उधानाचा टायम.
पुनवंला न् आवसंला. रोज पाऊन तास मागं.
निवट्या धराला आमी याच टायमाला जातो."
आणि डबा धुवायला निघून गेला.

मार्गशीर्षातली पौर्णिमा.
चराची झाकणं काढून दोघं बसलो, मध्ये बॅटरी.
बारा वाजता चर कोरडा ठणठणीत.
वीस मिनिटांनी तळाशी काहीतरी चमकलं,
मग खाडी आत आली,
नाल्याचं तोंड उलटं फिरवून, पाय न वाजवता,
चिखलाचा वास घेऊन
आणि एक बोटभर निवटी, डोळे डोक्यावर,
जी आमच्याकडे बघून
केबलवर चढून बसली.
बारा एकेचाळीस.
वर शेडमध्ये मोटरचा सूर खाली खाली घसरला
आणि थांबला.
"बग. आला," हसुराम म्हणाला,
मुंबईहून पाहुणा यावा तसं.

ओहोटीनंतर केबल वर ओढली.
तांदळाएवढी जखम,
बसवताना अँगलच्या धारेला घासलेली,
दिवसा कोरडी, म्हणून मेगरसमोर साळसूद.
नवी केबल वरून, ट्रेमधून नेली.
काम अर्ध्या दिवसाचं.

रिपोर्टात 'दोषाचे कारण' असा चौकोन असतो.
त्यात आधी लिहिलं: पौर्णिमा.
खोडलं. लिहिलं: केबल इन्सुलेशन.
'कोणी शोधला' असा चौकोन नसतोच.
हसुरामचं नाव मी समासात लिहिलं,
गडाबाईंनी विचारलं, हे कशाला?

गाळ्यात परतलो तर जुना ड्राइव्ह
चिठ्ठीसकट बाकाखाली.
दोन्ही वेळा खरं तेच सांगत होता.
मी त्याचं धडधाकट मॉड्यूल उपसून काढलं होतं,
वर बावीस हजार लावले होते.
चिठ्ठी फाडली. गोंद राहिला.
थिनर लावून घासतोय,
'ख' अजून दिसतो.